मतदारसंघ हें कोणाचें वतन नव्हे!
(सांगोल्याचा धडा)

शहरांतील शहाण्या मंडळींकडून हल्लीं एक मत फार जोरानें मांडण्यांत येतें. तें असें कीं, खेड्यांतील मतदारास राज्यकारभारांतलें कांहीं कळत नाहीं. त्याला दोनच गोष्टी कळतात. एक आपली जात आणि दुसरी मतदानाच्या आदल्या रात्रीं हातांत पडणारी नोट. ज्या मतदारसंघांत ज्या जातीचीं डोकीं जास्त, तेथें त्या जातीचा आमदार. आणि तो एकदां निवडून आला कीं त्याच्यामागून त्याचा मुलगा, पुतण्या, सून किंवा नातू ठरलेलाच. निवडणूक आली कीं कोठल्या तालुक्यांत कोणत्या जातीचीं किती मतें, याचे तक्ते हे पंडित छापतात. आणि निकाल लागला कीं तो आपल्या तक्त्याबरहुकूमच लागला असें सिद्ध करून दाखवितात. हें वाचून आमच्यांतील शिकलेले तरुणहि माना डोलावूं लागले आहेत, याचें आम्हांस विशेष वाईट वाटतें. परक्यानें आपणांस मूर्ख म्हटलें तर तो त्याचा उद्धटपणा. पण आपणच आपल्या आईबापांस मूर्ख म्हणूं लागलों तर त्यास काय म्हणावें?

आम्ही खेड्यांतील मराठी शाळेचे मास्तर. कोणत्याहि पक्षाचा झेंडा आमच्या खांद्यावर नाहीं, आणि असूंहि नये. परंतु निवडणूक आली कीं सरकार आम्हां मास्तरांसच मतदानकेंद्रावर नेऊन बसवितें. म्हाताऱ्यांच्या थरथरत्या बोटांस शाई आम्ही लावितों. खुरपें ठेवून, हातपाय धुऊन, धुवट लुगडें नेसून मत द्यावयास आलेली बाई किती गंभीरपणें त्या यंत्रापुढें उभी राहते, तें आम्हीं पाहिलें आहे. तिला कळत नाहीं असें आम्हांस कधींहि वाटलें नाहीं. आणि ज्यांना पुरावा हवा असेल त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला मतदारसंघाचा इतिहास एकदां डोळे उघडून पाहावा, असें आमचें त्यांस आव्हान आहे.

हा आक्षेप कांहीं आजचा नाहीं. १९१७ सालीं अथणी येथील सभेंत लोकमान्य टिळकांनीं, कुणबी, तेली, तांबोळी यांस कौन्सिलांत जाऊन काय करावयाचें आहे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचें ब्राह्मणेतर पत्रांनीं पुढें कित्येक वर्षें लिहिलें. त्यानंतर १९१९ चा सुधारणा कायदा झाला. मुंबईच्या कायदेमंडळांत मराठा व तत्सम जातींकरितां ७ जागा राखून ठेवाव्या लागल्या. कारण तशा त्या राखून ठेवल्या नसत्या तर बहुजनसमाजाचा माणूस तेथपर्यंत पोहोंचणेंच कठीण होतें. मताचा अधिकार तरी कोणास? इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये सारा भरणाऱ्यास! सांगोल्यासारख्या पावसाच्या सावलींतल्या तालुक्यांत, माळरानाच्या जिरायती तुकड्यावर बाजरी पेरून जगणारा कुणबी आणि मेंढरें घेऊन रानोरान फिरणारा धनगर या ३२ रुपयांच्या उंबरठ्याबाहेरच उभा होता. महार-मांगांची तर गोष्टच नको. १९५० सालीं आपली घटना अमलांत आली, प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास एक मत मिळालें, आणि हा उंबरठा मोडला. तेव्हांहि मोठमोठ्या विद्वानांनीं नाकें मुरडलीं. अडाणी लोक हें मत विकून खातील म्हणाले. तर त्या अडाणी लोकांनीं काय केलें तें आतां पाहूं.

ब्राह्मणेतर चळवळींतून पुढें आलेले केशवराव जेधे, शंकरराव मोरे इत्यादि मंडळींनीं १९४७-४८ च्या सुमारास काँग्रेसपासून अलग होऊन शेतकरी कामगार पक्ष काढला. पुढें जेधे गेले, मोरेहि गेले. दोघेहि काँग्रेसमध्यें परतले. पुढारी घरीं परतले, पण माणदेशच्या माळावरचा शेतकरी कांहीं परतला नाहीं. १९६२ सालीं सांगोल्यानें त्या पक्षाच्या गणपतराव देशमुखांस विधानसभेंत पाठविलें. माणूस वकील, मूळचा मोहोळ तालुक्यांतील पेनूरचा, म्हणजे सांगोल्याच्या हिशेबानें बाहेरगांवचा, जातीनें धनगर, आणि सत्ताधारी काँग्रेसचा महाराष्ट्रांत दबदबा असतांना विरोधी पक्षाचा. वर्तमानपत्रांतल्या तक्त्याप्रमाणें हा मनुष्य निवडून यावयासच नको होता. तो निवडून आला.

१९६७ सालीं पुन्हां आला. १९७२ सालीं पडला. १९७४ च्या पोटनिवडणुकींत पुन्हां आला. १९७८, १९८०, १९८५, १९९० या चारहि वेळां आला. १९९५ सालीं काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून पडला, आणि तोहि दोनशेंहून कमी मतांनीं. १९९९, २००४, २००९ व २०१४ सालीं पुन्हां आला. एकंदर ११ वेळां एकाच मतदारसंघानें एकाच माणसास, एकाच पक्षाच्या नांवावर, विधानसभेंत धाडलें. या साऱ्या काळांत ते दोनदां मंत्री झाले. एकदां १९७८ च्या पुलोद सरकारांत व एकदां १९९९ नंतरच्या आघाडीच्या सरकारांत. बाकीचीं वर्षें बहुतेक विरोधी बांकावर गेलीं. आमदार असतांना एस. टी. च्या गाडीनें प्रवास करणारा हा माणूस सबंध महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला होता. २०१९ सालीं वयोमानामुळें ते उभे राहिले नाहींत. ३० जुलै २०२१ रोजीं ते वारले.

आतां आमचा तक्तेवाल्यांस साधा सवाल आहे. जातीच्या बेरजेनेंच निकाल लागत असता, तर १९६७ चा विजय आणि १९७२ चा पराभव यांचा मेळ तुम्ही कसा घालणार? १९९० चा विजय आणि १९९५ चा पराभव यांचा कसा घालणार? या पांच वर्षांत सांगोला तालुक्यांतील माणसांच्या जाती बदलल्या काय? आणि १९९९ सालीं त्या पुन्हां पूर्ववत् झाल्या काय? जातीचा हिशेब निवडणुकींत मुळींच नसतो असें आम्ही म्हणत नाहीं. गांवांत राहणाऱ्या माणसानें असें म्हणणें खोटेपणाचें होईल. परंतु जात तीच, माणूस तोच, पक्ष तोच, आणि निकाल मात्र वेगळा, असें जेव्हां घडतें, तेव्हां मतदारानें जातीपलीकडे कांहीं तरी पाहिलें, हें मान्य करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

कोणी म्हणेल, एकाच माणसास पन्नास वर्षें निवडून दिलें, मग हेंहि वतनच कीं! नाहीं. वतन म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस पुस्तकांतून शिकविण्याची गरज नाहीं. बाप कुलकर्णी म्हणून मुलगा कुलकर्णी. त्याला वाचतां येवो न येवो, तो लांच खावो न खावो, गांवानें त्याच्या दप्तरापुढें मान वांकवावयाची, याचें नांव वतन. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत कुलकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हां केवढा गदारोळ झाला! डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं महार वतनाच्या गुलामगिरीवर बिल आणलें. स्वराज्य आल्यावर एकामागून एक वतनें कायद्यानें गेलीं. पाटिलकीहि १९६२ च्या कायद्यानें गेली. वतनाची खूण एकच, कीं तें रयतेच्या इच्छेनें मिळत नाहीं व रयतेच्या इच्छेनें जात नाहीं. सांगोल्याच्या रयतेनें देशमुखांस दोनदां घरीं बसविलें आणि दोनदां परत बोलाविलें. आम्हांस विचाराल तर सांगोल्याची खरी कीर्ति त्या ११ विजयांइतकीच या दोन पराभवांत आहे. ज्या मालकाला गड्यास कामावरून काढतां येत नाहीं तो मालक नव्हे. सांगोल्याच्या मतदारानें आपण मालक असल्याचें १९७२ सालीं व १९९५ सालीं दाखविलें. आणि काढलेला गडी दुसऱ्यांपेक्षां बरा होता असें दिसतांच त्याला पुन्हां हांक मारण्याइतका मनाचा मोठेपणाहि दाखविला.

दुसरा आक्षेप याहून जबर आहे, व तो गांवच्या पारावर रोज ऐकूं येतो. लोक म्हणतात, “अहो, विरोधी आमदार ठेवून सांगोल्याला मिळालें काय? पाण्यासाठीं तालुका पन्नास वर्षें तळमळला. आमदार सत्तेच्या बाजूचा असता तर कालवे कधींच वाहिले असते.” हा आक्षेप ज्याचें जळतें त्याच्या तोंडचा आहे, म्हणून तो हंसण्यावारी नेतां येत नाहीं. त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे.

पहिलें उत्तर असें कीं, शेजारीं पाहा. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, माण, खटाव हे तालुके सांगोल्याचेच दुष्काळी सोबती. तेथील आमदार बहुतेक काळ सत्तेच्या बाजूचे होते. त्यांच्या शिवारांत कृष्णेचें पाणी सांगोल्याच्या आधीं वीस-तीस वर्षें खेळूं लागलें काय? मुळींच नाहीं. बच्छावत लवादानें १९७६ सालीं कृष्णेचें ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राच्या वांट्यास दिलें. तें अडवून उंच माळावर चढविण्याच्या कामास जोर येण्यासाठीं कृष्णा खोरे महामंडळ निघावें लागलें, आणि तें निघालें १९९६ सालीं! मधल्या वीस वर्षांत सत्तेच्या बाजूचे आमदार सत्तेच्या बाजूसच बसले होते. त्यांच्या बसण्यानें पाणी वर चढलें नाहीं. तें चढूं लागलें तें लोक रस्त्यावर आल्यावर. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनीं १९९३ पासून आटपाडीस तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरविल्या, आणि गणपतराव देशमुख त्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांच्या मागें या परिषदांचा, मोर्चांचा व वर्षानुवर्षांच्या तगाद्याचा रेटा आहे. तेव्हां विरोधी आमदारामुळें पाणी अडलें, हें म्हणणें हिशेबास टिकत नाहीं.

दुसरें उत्तर याहून महत्त्वाचें आहे. सरकारची तिजोरी म्हणजे मंत्र्याच्या वडिलांची पेटी नव्हे. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत जी वस्तु सांगोल्याचा शेतकरी विकत घेतो तिच्यावर तो कर देतो. हा कर वसूल करतांना सरकार त्यास विचारीत नाहीं कीं, तुझा आमदार कोणत्या बाजूचा? मग तो कर रस्त्याच्या, शाळेच्या, पाण्याच्या रूपानें परत देतांनाच हा प्रश्न कां निघावा? ज्या राज्यांत तालुक्यास हक्काचें पाणी मिळण्यासाठीं आमदारानें बाजू बदलावी लागते, त्या राज्यांत आमदार हा प्रतिनिधि राहत नाहीं, तो भिक्षुक होतो; आणि ज्या मतदारानें त्याला झोळी घेऊन पाठविलें तोहि भिकारीच ठरतो. आम्हांस असलें प्रतिनिधित्व नको.

याच प्रश्नावर सांगोल्यांत अलीकडे जें घडलें तें ताजें आहे. २०१९ सालीं गणपतराव उभे नव्हते. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. आजोबांची एवढी पुण्याई पाठीशीं असूनहि सांगोल्यानें त्यांना सरसकट टिळा लावला नाहीं. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनीं निवडून आले. मतदारसंघ हें वतन असतें तर हें घडलें नसतें. पुढें २०२२ च्या जूनमध्यें पक्ष फुटला, आणि पाटील फुटलेल्या गटाबरोबर गुवाहाटीस गेले. तेथल्या झाडी-डोंगरांचें त्यांनीं टेलिफोनवर केलेलें वर्णन साऱ्या महाराष्ट्रानें ऐकलें व कौतुकानें एकमेकांस ऐकविलें. सत्तेच्या बाजूस गेल्यामुळें तालुक्यास निधि आला, असें त्यांच्या बाजूनें सांगण्यांत आलें. आलाहि असेल. परंतु २०२४ सालीं जेव्हां हिशेबाचा दिवस आला, तेव्हां त्याच मतदारांनीं शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख यांस सुमारें २५ हजारांच्या फरकानें निवडून दिलें. सबंध महाराष्ट्राच्या २८८ जागांत त्या पक्षाची ही एकच जागा आली. वाऱ्याबरोबर उडणारा पाचोळा असें वागत नसतो.

येथें आम्हांस आपल्याच माणसांस चार कडू शब्द सुनवावयाचे आहेत. डॉ. बाबासाहेब हेहि गणपतरावांचे नातू. त्यांच्या विजयाचा अर्थ कोणी ‘घराण्याचा हक्क परत मिळाला’ असा लावील, तर तो सांगोल्याच्या मतदाराचा अपमान करील. २०१९ चा नातू पडला, २०२४ चा नातू निवडून आला; यावरून मत नातेपणास मिळत नाहीं, हें उघड आहे. आमच्या शाळेंत बापाच्या मार्कांवर मुलास वरच्या वर्गांत घालण्याची चाल नाहीं, तसेंच बाप हुशार होता म्हणून मुलास नापास करण्याचीहि नाहीं. ज्याचा त्याचा पेपर ज्यानें त्यानें सोडवावा. नव्या आमदारांनींहि आजोबांची एस. टी. आठवावी आणि पांच वर्षांनीं आपला स्वतःचा पेपर घेऊन लोकांपुढें यावें. सांगोल्याचा मतदार मार्क देतांना हात आंखडता घेत नाहीं, आणि कापतांनाहि घेत नाहीं.

परंतु सांगोल्याबाहेर काय दिसतें? बहुजनसमाजाचे म्हणून पुढें आलेले आमचे पुढारी आपापल्या तालुक्यांत नवीं वतनें उभीं करून बसले आहेत. कारखाना बापाकडे, बँक चुलत्याकडे, शिक्षणसंस्था सासऱ्याकडे आणि आमदारकी मुलाकडे! पूर्वीं कुलकर्ण्याच्या दप्तरांत गांव बंद होतें. आतां पुढाऱ्याच्या वाड्यांत तालुका बंद आहे. आणि या वाड्याविरुद्ध कोणीं तोंड उघडलें कीं, “आपल्याच समाजाच्या माणसास खाली ओढतोस?” असा दम मिळतो. आम्ही विचारतों, ज्योतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज काढला तो एकाचें वतन काढून दुसऱ्याच्या नांवें चढविण्यासाठीं काय? जुलूम करणाऱ्याची जात बदलली म्हणजे जुलूम सुसह्य होतो काय? कुंपणानेंच शेत खाल्लें, तर कुंपण आपल्याच बाभळीचें होतें यांत समाधान तें कसलें?

मतदार बंधुभगिनींनो, आतां दोन शब्द तुम्हांस.

निवडणुकीच्या रात्रीं कोणी ५०० रुपये घेऊन दारांत आला, तर त्याला आमच्या चौथीच्या मुलांचें गणित घाला. पांच वर्षांचे दिवस १,८२६. पांचशें भागिले अठराशें सव्वीस. दिवसाला पडले सुमारें २७ पैसे. २७ पैशांत आज लिमलेटची गोळीहि येत नाहीं. आणि ज्यानें तुमचें मत रोख मोजून विकत घेतलें त्याच्याकडे उद्यां रस्त्याची, पाण्याची तक्रार घेऊन जाल, तर तो म्हणेल, “व्यवहार पुरा झाला.” आणि तो खरेंच बोलेल!

माझ्या एका मतानें काय होतें, असें म्हणून घरीं बसणारांनींहि सांगोल्याकडे पाहावें. १९९५ सालीं फरक दोनशेंच्या आंत. २०१९ सालीं फरक ७६८. मतदानकेंद्रें अडीचशें धरा कीं तीनशें, एका केंद्रामागें सरासरी तीन मतें! एका घरांतलीं माणसें तीनांहून अधिक असतात. त्या दिवशीं प्रत्येक केंद्रावरील एक एक घर लग्नाला गेलें असतें किंवा पांचशेंच्या नोटेला भुललें असतें, तर सबंध तालुक्याचा निकाल फिरला असता.

आणि तिसरी गोष्ट हिशेबाची. आपल्या तालुक्याचा आमदार विधानसभेंत किती दिवस हजर होता, त्यानें काय विचारलें, कोणत्या कायद्यास हात वर केला, हें विचारण्याची संवय लावून घ्या. तो लग्नाला आला, मयतीला आला, जावळाला आला, एवढ्यावर खूष होऊं नका. पाहुण्याचें काम वेगळें आणि प्रतिनिधीचें काम वेगळें. हायमास्ट दिव्याच्या खांबावर आमदाराचें नांव रंगविलेलें दिसलें, तर त्याखालीं ‘पैसा गांवकऱ्यांचा’ हें मनांतल्या मनांत वाचीत जा.

कौन्सिलांत जाऊन कुणबी काय करणार, असा सवाल शंभर वर्षांमागें विचारला गेला. सांगोल्याच्या माळावरच्या शेतकऱ्यांनीं व मेंढपाळांनीं त्याचें उत्तर ११ वेळां निवडून देऊन आणि दोन वेळां पाडून दिलें आहे. इतर तालुक्यांनीं आपापलें उत्तर अजून द्यावयाचें आहे. मत आपलें आहे, बोट आपलें आहे. शाई लावावयास आम्ही मास्तर नेहमींप्रमाणें बसलेले असूंच.